तोंडातल्या टाचण्या

"गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं ना, की आधी तोंडात चार टाचण्या धर," मावशी म्हणायची. "टाचण्या तोंडात असल्या की माणसाला बोलता येत नाही. आणि न बोलणाऱ्या शिंपिणीचं गिऱ्हाईक तुटत नाही, पोरी."

त्याला आता पंचवीसेक वर्षं झाली. मशीनच्या खडखडाटातून, कापडाच्या धुळीतून आलेला मावशीचा तो घोगरा आवाज. मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. तिच्याच दुकानात ही पोरगी, आताची शिंपीण, शिवण शिकली आणि मावशीमागे ते दुकान तिनंच चालवलं. तक्रार आली की मावशी खरंच टाचण्या ओठांत धरायची, मान डोलवत सगळं ऐकून घ्यायची आणि गिऱ्हाईकाची पाठ वळली की शिवण उसवायला घ्यायची. उसवता उसवता गुणगुणायची:

टाचणी ओठांमध्ये, बोल राहिला पोटात,
गिऱ्हाईक गेलं बाई, नव्या झग्याच्या थाटात.

ओवी गोड होती. कोर्टात तिचा काडीचा उपयोग नव्हता.

"या, शिंपीणबाई," कोर्टाच्या दारावरचा पहारेकरी म्हणाला. "आज किती निघतायत?"

"तुम्हीच बघा."

तिनं कॉलर पुढं केली. कॉलरच्या आतल्या घडीत पाच टाचण्या होत्या, बाहीच्या टोकाला दोन. शिवाय पिशवीच्या तळाशी दोरा कापायची बारकी कात्री. त्यानं सगळं पत्र्याच्या वाटीत टाकलं.

"दर वेळी सांगतो, घरी ठेवून येत जा."

"दर वेळी ठेवूनच येते. कशा येतात देव जाणे."

"सातवी तारीख आणि सात टाचण्या," तो म्हणाला. "पुढच्या तारखेला आठ आणा म्हणजे झालं."

एरवी ती हसली असती. आज तिच्या कपाळाची शीर ठणकत होती. लिफ्ट बंद. तिसऱ्या मजल्यापर्यंत जिना. जिन्याच्या प्रत्येक वळणावर कुणीतरी फाइल छातीशी धरून उभं, आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तेच, दात दुखत असताना डॉक्टर जेवायला गेल्यासारखं. वर गेली तर दारावर कागद चिकटवलेला होता: साहेब दोन वाजता बसतील. तिला दहाला बोलावलं होतं. तिनं दुकान बंद ठेवलं होतं, शाळेच्या गणवेशाचे अकरा सदरे कापून पडले होते, आणि साहेब दोन वाजता बसणार होते.

ती बाकावर बसली आणि पिशवीतून मापांची वही काढली.

वहीत पुढून छाती, कंबर, बाही, उंची. मागून कोर्टाचे शब्द. पहिल्या दिवशी वकीलबाई म्हणाल्या होत्या, "घाबरू नका ताई, नुसते शब्दच आहेत." तेव्हापासून ती एकेक शब्द टिपून ठेवत होती आणि पुढं आपल्याला कळेल असं लिहीत होती. अर्जदार म्हणजे तक्रार घेऊन आला तो, पोरीचा बाप. जाबदार म्हणजे ज्याच्याकडून जाब मागितलाय तो. मी. कैफियत म्हणजे जाबदारानं लेखी दिलेलं उत्तर. ताबा या शब्दापुढं मात्र तिनं काहीच लिहिलं नव्हतं. गाळ्याचा ताबा असतो, जमिनीचा असतो. आठ वर्षांच्या पोरीचा कसला ताबा? ती काय कुलूप लावायची वस्तू आहे? त्या शब्दापुढं पेन इतक्यांदा टेकवलेलं होतं की कागदाला भोक पडलं होतं.

आणि अंतरिम.

या एका शब्दानं तिचा घात केला होता. वकीलबाईंनी समजावलं होतं, "अंतरिम आदेश म्हणजे तात्पुरता. शेवटचा निकाल लागेपर्यंतचा." तिनं वहीत लिहिलं: कच्चा टाका. कच्चा टाका म्हणजे कपडा अंगावर बघायला घालतात तो. एक दोरा ओढला की सुटतो. म्हणून अंतरिम आदेशानं पोर बापाकडे गेली तेव्हा ती रडली, पण मनातून घाबरली नाही. कच्चाच तर टाका आहे. त्याला आता पाच महिने झाले होते. दर दुसऱ्या शनिवारी, याच इमारतीत, रंग उडालेल्या खेळण्यांच्या खोलीत, दोन तास पोर तिला भेटायची. त्यालाही शब्द होता: भेटीचा हक्क. जगातल्या कुठल्या शिंपिणीला ठाऊक नाही की कच्चा टाका फार दिवस राहिला तर कापड त्याच रेषेवर दुमडायला शिकतं? तिला ठाऊक होतं. तिनंच हयगय केली होती.

पोरीला सगळे गुंडी म्हणत. रांगायला लागली तेव्हा दुकानाच्या जमिनीवरच्या गुंड्या गोळा करून मुठीत धरायची, म्हणून.

"ताई, झालं का ठरवून?" वकीलबाई सर्दीनं लाल झालेलं नाक पुसत आल्या. हातात टंकलेली कैफियत. "आज शेवटची मुदत. दोन वाजता ही आत गेली नाही, तर साहेब तुमच्या उत्तराविना पुढं जातील. मग मला बोलू नका."

"मी कुणालाच काही बोलत नाही."

"तेच तर दुखणं आहे." त्यांनी कागद तिच्यापुढं धरला. "अकरावा परिच्छेद. टंकलेखकानं दोन बोटं जागा सोडलीय. काय लिहू?"

अर्जातला अकरावा परिच्छेद तिला पाठ झाला होता. जाबदार हिने दुकानात गरम इस्त्री चालू ठेवून मुलीस एकटे सोडले, त्यामुळे मुलीचा उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत भाजला. सबब जाबदार मुलीची काळजी घेण्यास असमर्थ आहे.

"ते राहू द्या," ती म्हणाली.

"राहू द्या?" वकीलबाईंचा आवाज चढला. "अहो, कोर्टात राहू द्या असं काही नसतं. कितीदा सांगू? जे स्पष्ट शब्दांत नाकारलं नाही, ते मान्य आहे असं धरतात. तुम्ही गप्प बसलात म्हणजे तुम्ही हो म्हणालात. लिहा त्या वहीत, मोठ्या अक्षरात लिहा."

"बाहेर तर कुणी गप्प बसलं म्हणजे हो म्हणालं असं होत नाही."

"बाहेर काहीही होवो. आणि तो पिंजरा? तो कुणी सांगितला होता करायला?"

शिंपिणीनं मान खाली घातली. अर्जाची नोटीस आली त्याच आठवड्यात तिनं सुताराला बोलावलं होतं. इस्त्रीचं टेबल मागच्या खोलीत हलवलं, भोवती जाळीचा पिंजरा केला, वर कडी बसवली. तक्रार आली की शिंपीण तोंडानं उत्तर देत नाही, उसवून नीट करून देते. तिला तेवढंच येत होतं. मग त्या पिंजऱ्याचा फोटो काढून तिनं पोरीच्या बापाला पाठवला. खाली एक अक्षर नाही. बापाच्या वकिलानं तो फोटो मोठा करून कोर्टात लावला: पाहा, आपला दोष जाबदारास मान्य आहे, म्हणूनच ही दुरुस्ती. त्याच फोटोवर अंतरिम आदेश निघाला होता.

"मी शत्रूच्या वकिलाला घाबरत नाही," वकीलबाई शिंकल्या. "माझ्या अशिलालाच घाबरते. पोर एकटी नव्हती, हे तुमच्या डोळ्यांत दिसतं मला. मग कोण होतं? सांगा ना. तोंड शिवून घेतलंय का?"

शिंपीण वहीच्या कडेला नखानं रेघ ओढत राहिली.

पोर एकटी नव्हती. सासूबाई होत्या.

दोन वर्षांपूर्वी ती आणि नवरा वेगळे झाले. भांडण असं नव्हतंच. "भिंतीशी संसार किती दिवस करायचा?" असं तो म्हणाला होता, त्यालाही तिनं उत्तर दिलं नव्हतं. ती गुंडीला घेऊन दुकानामागच्या दोन खोल्यांत राहायला गेली. पण सासूबाईंनी नातं तोडलं नाही. रोज दुपारी दोन गल्ल्या ओलांडून दुकानात यायच्या, नातीशेजारी बसायच्या, शिंपिणीला म्हणायच्या, "तो गाढव आहे. तू माझी सून आहेस ती आहेसच."

हात भाजला त्या मंगळवारी शिंपीण वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना कोट घालून बघायला गेली होती. दहा मिनिटं. परत आली तर पोर भिंतीला टेकून उभी, हात हवेत धरलेला, आणि सासूबाई टेबलाशी, हातात गरम इस्त्री, विचारतायत, "ही इथं कुणी ठेवली गं?" रुमालाला इस्त्री करायला घेतली, मध्येच विसरल्या, आणि चित्र काढत बसलेल्या पोरीच्या हातावरच इस्त्री टेकवली होती. आपण काय केलं ते त्यांना तासाभरानं, दवाखान्याच्या बाकावर कळलं. तेव्हा त्यांनी सुनेचे दोन्ही हात धरले होते.

"डोक्यात कुठंतरी उसवलंय माझ्या," त्या म्हणाल्या होत्या. "मला कळतंय. पण माझ्या मुलाला सांगू नकोस. तो मला कुठल्यातरी संस्थेत ठेवून येईल. तुझ्या पाया पडते, सूनबाई."

शिंपिणीनं शब्द दिला. बाकावर शेजारीच गुंडी बसली होती, हाताला पांढरी पट्टी. तिनंही ऐकलं. बाप आला आणि त्यानं विचारलं, तेव्हा पोरीनं आईकडे पाहिलं आणि म्हणाली, "माझाच हात लागला."

"बारा वाजले," वकीलबाई म्हणाल्या. "समुपदेशक बोलावतायत. आत मला येता येत नाही. ऐका, तिथं मी नसेन, कागद नसेल. तुम्ही आणि तुमचं तोंड. दोन वाजेपर्यंत मला अकरावा परिच्छेद द्या."

समुपदेशकांची खोली म्हणजे आधीची भांडारखोली असावी. खिडकीला गज, टेबलावर कागदी रुमालांचा डबा, कोपऱ्यात एका डोळ्याचं अस्वल. नवरा आधीच येऊन बसला होता. आणि त्याच्या शेजारी सासूबाई.

पाच महिन्यांत शिंपिणीनं त्यांना पाहिलं नव्हतं. अंतरिम आदेशानंतर दुकानात येणं मुलानं बंद केलं होतं. लोकरी जाकीट घातलेलं, गुंड्या एक घर चुकलेल्या, त्यामुळे एक बाजू वर, एक खाली.

"आली का माझी सूनबाई," त्या म्हणाल्या. "वाळलीस गं."

"आई, आपण कोर्टात आलोय," नवरा दबक्या आवाजात म्हणाला. मग समुपदेशकांकडे वळून, "आईला घेऊनच आलो. तुम्हीही बघून घ्या, घरी गुंडीकडे कोण असतं ते. मी कामावर असतो तेव्हा आई असते. सारा दिवस. पोर एक मिनिट एकटी नसते. हिच्यासारखं नाही."

इतके दिवस शिंपिणीला वाटत होतं की आपण एका म्हातारीला वाचवतोय. दिवसभर घरी कोण असतं, हा प्रश्न तिनं पाच महिन्यांत एकदाही स्वतःला विचारला नव्हता. शाळा सुटल्यावर, गॅसपाशी, इस्त्रीपाशी, गच्चीच्या दाराशी. भेटीच्या शनिवारी पोर नुसती तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडायची आणि तीही नुसती केसांतून हात फिरवायची. मायलेकी कापडाच्या एकाच थानातल्या.

"गुंडी आता किती वर्षांची गं?" सासूबाईंनी विचारलं. "शाळेत घालायला हवी ना तिला."

"आई थकलीय," नवरा हसून म्हणाला. "सकाळी लवकर उठवलं."

शिंपीण उठली. सासूबाईंच्या पुढ्यात गुडघ्यांवर बसली आणि जाकिटाच्या गुंड्या खालपासून सोडून पुन्हा लावायला लागली. तिची बोटं नेहमीप्रमाणे चालली होती, आणि तिच्या लक्षात आलं की आपण ओठ आत ओढून दाबून धरलेत. टाचण्या खाली पहारेकऱ्याच्या वाटीत पडल्या होत्या. तोंडात काहीच नव्हतं, तरी तोंड बंद होतं.

"दोघांनाही एक सांगायचंय," समुपदेशक बाई म्हणाल्या. पिकल्या केसांच्या, सावकाश बोलणाऱ्या. "गेल्या आठवड्यात मी मुलीशी बोलले. म्हणजे बोलायला बसले. शाळेचं विचारलं, तिनं सांगितलं. मैत्रिणींचं सांगितलं. हाताचं विचारलं की मात्र पोर एकदम गप्प. रडत नाही, चिडत नाही. ओठ असे आत ओढून घेते." त्यांनी करून दाखवलं. "पाऊण तास तशीच बसली. मी म्हटलं, दुखतंय का कुठं? तर मान हलवली, नाही. शेवटी कागद दिला, म्हटलं चित्र काढ. तिनं माणसं काढली चार. एकालाही तोंड नाही."

"आईवर गेलीय," नवरा म्हणाला. पण या वेळी त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. तो थकला होता. "मी रोज विचारतो. म्हणतो, बेटा, खरं सांग, मी रागावणार नाही. तर माझ्याकडे असं बघते, जणू मीच तिला भाजलंय."

शिंपिणीच्या हातात शेवटची गुंडी राहिली होती.

मावशीनं तिला काज करायला शिकवलं, कॉलर वळवायला शिकवलं, टाचण्या धरायला शिकवलं. तिनं गुंडीला यातलं काहीच शिकवलं नव्हतं. अजून सुईत दोरासुद्धा ओवू दिला नव्हता, बोटाला लागेल म्हणून. आणि पोरीनं आधी हेच उचललं होतं. आठ वर्षांचं तोंड, आणि त्यात आईनं, आजीनं, दोघींनी मिळून टोचलेल्या टाचण्या. मावशीनं सांगितलं ते गिऱ्हाईकासाठी होतं. गिऱ्हाईक कपडा घेतं आणि निघून जातं. घर निघून जात नाही. घरात न बोललेलं घरातच राहतं, आणि जे लेकरू जमिनीवरून गुंड्या वेचतं, ते हेही वेचतं.

तिला राग आला. आधी कोर्टाचा, त्या कुलूप घातल्यासारख्या शब्दांचा. मग या शेजारच्या माणसाचा, ज्याला आईच्या उलट्यासुलट्या गुंड्या रोज दिसतात आणि दिसत नाहीत. पण मग तो सगळा राग फिरून तिच्यावरच आला आणि तिथंच थांबला.

"तुम्हाला काही सांगायचंय का?" समुपदेशक बाईंनी विचारलं.

"हिला?" नवरा म्हणाला. "बारा वर्षांत नाही सांगितलं काही. आज सांगेल?"

शिंपिणीनं शेवटची गुंडी काजात सरकवली. जाकीट सरळ बसलं. सासूबाई खाली पाहून खूश झाल्या, लहान पोर होतं तशा. त्यांच्या डोळ्यांत तिनं पाहिलं. तो मंगळवार तिथं नव्हता. दवाखान्याचा बाक नव्हता, पाया पडणं नव्हतं, शब्द दिला तोही नव्हता. ज्यांना दिला त्यांच्यापाशीच तो उरला नव्हता. आता तो फक्त दोघींकडे होता, तिच्याकडे आणि गुंडीकडे.

हे सासूबाईंना बाहेर बसवून बोलावं का, असं एकदा मनात आलं. पण पाठीमागं बोलणं आणखी वाईट. ती उठली नाही. तशीच गुडघ्यांवर राहिली, आणि तिनं म्हातारीचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले, जसे त्या दिवशी म्हातारीनं तिचे घेतले होते.

"आई, मी तुम्हाला एक शब्द दिला होता," ती म्हणाली. आवाज बसका निघाला, मशीन बरेच दिवस बंद असावं तसा. "तो आज मोडते. तुमच्या तोंडावर मोडते, म्हणजे तुम्हाला कुणी मागून सांगायला नको."

"मोड गं," सासूबाई प्रेमानं म्हणाल्या. "कुठला शब्द?"

नवरा पुढं झुकला होता. शिंपिणीनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. किती दिवसांनी ती त्याच्याकडे असं सरळ पाहत होती, तिलाच आठवेना.

"पोर एकटी नव्हती," ती म्हणाली. "मी वर कोट अंगावर बघायला गेले होते आणि गुंडीपाशी आई होत्या. इस्त्री आईंच्या हातात होती. त्यांना कळलं नाही, त्या विसरल्या, त्यांनी ती पोरीच्या हातावर ठेवली. तुम्ही त्यांना कुठंतरी ठेवून याल या भीतीनं त्यांनी मला गप्प राहायला सांगितलं, आणि मी राहिले. मी गप्प राहिले म्हणून गुंडीही गप्प राहिली. तुमची आई आजारी आहे हो. वर्ष झालं त्याला. तुम्ही त्यांना कुठंही ठेवू नका, माझ्या दुकानात आणून बसवा, मी बघेन. पण आज घरी गेल्यावर आधी गुंडीला सांगा, की तुझ्या आईनं सांगून टाकलं. आता तूही बोल म्हणावं."